सिलेक्टिव्ह सर्व्हिस: वय २६ च्या पुढे, रजिस्ट्रेशन होत नाही? माझा अनुभव

अमेरिकन सिटिझनशिपचा एन-४०० अर्ज भरताना अडकलो, कारण ड्राफ्टसाठी (सक्तीच्या लष्करभरतीसाठी) सिलेक्टिव्ह सर्व्हिस या सरकारी संस्थेकडे नाव नोंदवलेलं नव्हतं आणि आता ऑनलाइन फॉर्म घेईना, २६ नंतर नोंदणी बंदच. दोनदा भरून बघितला, मित्रांना विचारलं, जाम वैताग.

मग कळलं की २६ पूर्ण होईपर्यंत वैध एफ-१ (विद्यार्थी) किंवा एच-१बी (नोकरीच्या) व्हिसावर असलात तर नोंदणी लागतच नाही (ग्रीन कार्डवाल्यांना मात्र लागते). आधी व्हिसात मध्ये गॅप नाही ना ते तारखा लावून तपासलं, मग सिलेक्टिव्ह सर्व्हिसच्या साइटवरून स्टेटस इन्फर्मेशन लेटरचा (नोंदणी लागत होती की नाही ते सांगणारं पत्र) रिक्वेस्ट फॉर्म भरला, पासपोर्ट, व्हिसा, आय-२० (कॉलेजने दिलेला व्हिसाचा कागद), आय-९४ (अमेरिकेत प्रवेशाची नोंद) च्या झेरॉक्स जोडल्या, ओरिजिनल नाही, सही करून पोस्टाने पाठवला. लेटर आलं, तेच अर्जाला जोडलं.