वॉर्डात मंगळवारी कोण सापडतं?

संख्याशास्त्र शिकून पहिल्यांदाच खऱ्या प्रश्नाला हात घालणाऱ्यांसाठी हे लिहितेय. मीन, व्हेरियन्स, सशर्त संभाव्यता तुम्हाला येते असं धरूनच चालते. मलाही येत होती. तरी एमएस्सीच्या प्रोजेक्टमध्ये मी एका सरळ माणसाला खोटं ठरवायला निघाले होते, आणि ते आठवलं की आजही पोटात कालवतं.

प्रश्न साधा होता: एका रुग्णालयात रुग्ण सरासरी किती दिवस राहतो? एका मंगळवारी सकाळी मी सगळ्या वॉर्डांतून फिरले, प्रत्येक कॉटवरच्या रुग्णाची भरतीची तारीख केस पेपरवरून उतरवून घेतली आणि शेवटच्या रुग्णाला डिस्चार्ज मिळेपर्यंत फेऱ्या मारल्या. सरासरी आली 11 दिवस. रुग्णालयाच्या भरती-डिस्चार्जच्या रजिस्टरवरून काढलेली सरासरी मात्र 4 दिवसांच्याही आत. माझी मोजणी चोख होती, म्हणून मी अहवालात लिहून टाकलं की रजिस्टरमधल्या नोंदी विश्वासार्ह नाहीत. ते रजिस्टर वर्षानुवर्षं एकहाती लिहिणारे काका मला रोज जिन्यात भेटायचे आणि जेवलीस का विचारायचे.

व्हायव्हाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बाहेरून आलेल्या मॅडमनी एकच विचारलं, "मंगळवारी वॉर्डात सापडायची शक्यता सगळ्यांना सारखी होती का?"

इथे थांबा आणि कागद-पेन्सिल घ्या. समजा, रोज 10 रुग्ण भरती होतात. त्यातले 9 जण एक दिवस राहतात, एक जण 21 दिवस. भरती झालेल्यांची सरासरी: 9 अधिक 21, म्हणजे 30, भागिले 10. तीन दिवस. आता कुठल्याही एका दिवशी वॉर्डात जा. एक दिवस राहणारे 9 जण दिसतील. पण 21 दिवस राहणारे? आज आलेला एक, काल आलेला एक, परवाचा एक, असे 21 जण. एकूण 30 कॉट आणि त्यातल्या 70 टक्के कॉटवर लांब मुक्कामाची माणसं. या 30 जणांच्या मुक्कामाची सरासरी काढा: 9 अधिक 441, भागिले 30. पंधरा दिवस! रुग्णालय तेच, रुग्ण तेच, मोजणीत एकही चूक नाही, आणि उत्तर पाचपट.

म्हणजे जो जास्त दिवस राहतो, तोच तुमच्या हाती लागण्याची शक्यता त्याच प्रमाणात जास्त. नमुना मोठा केल्याने हे जात नाही, हे नीट ऐका. मी पाच मंगळवार गेले असते तरी त्याच चुकीच्या आकड्याभोवती घिरट्या घातल्या असत्या, फक्त कॉन्फिडन्स इंटरव्हल, म्हणजे खरा आकडा ज्या पट्ट्यात असेल असं आपण मानतो तो पट्टा, अरुंद झाला असता आणि काकांवरचा माझा संशय अजून पक्का झाला असता.

सुटका मात्र आहे. प्रत्येक रुग्णाला त्याच्या मुक्कामाच्या व्यस्त प्रमाणात वजन द्या. वरच्या उदाहरणात 9 जणांना प्रत्येकी 1 आणि 21 जणांना प्रत्येकी एक एकविसांश. वजनांची बेरीज 10, वजनासकट दिवसांची बेरीज 30, उत्तर पुन्हा 3. मी घरी येऊन माझ्या आकड्यांना ही वजनं लावली तेव्हा सरासरी रजिस्टरच्या अगदी जवळ आली. दुसऱ्या दिवशी जाऊन काकांची माफी मागितली. त्यांना मी काय लिहिलं होतं तेही माहीत नव्हतं.

एकदा हे दिसलं की जागोजाग दिसायला लागतं. बस सरासरी दर 20 मिनिटांनी येते, मग 10 मिनिटं थांबावं लागेल असं वाटतं. पण एक बस 5 मिनिटांनी आणि पुढची 35 मिनिटांनी येत असेल, तर तुम्ही त्या 35 मिनिटांच्या फटीत सापडण्याची शक्यता 40 पैकी 35. सरासरी थांबणं साडेपंधरा मिनिटांच्या वर जातं. वर्गातल्या मुलांना भावंडं विचारून घरटी मुलांची सरासरी काढलीत, तर चार मुलांचं घर चारदा मोजलं जाऊ शकतं आणि मूल नसलेलं घर कधीच नाही. भाड्याच्या फ्लॅटच्या यादीत आज जे दिसतात, त्यात बरेच दिवस कुणी न घेतलेलेच जास्त.

नमुना घेण्याच्या पद्धतीतच खोट असू शकते, यावर आपल्याकडे फार मोलाचं काम झालंय. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी 1940च्या दशकात दाखवून दिलं की पिकाचं उत्पन्न अंदाजायला अगदी लहान तुकडा कापला, तर आकडा फुगतो. संख्याशास्त्रज्ञ प्र. चं. महालनोबिसांच्या बंगालमधल्या पाहण्यांत असे लहान तुकडे वापरले जात. तुकडा जितका लहान, तितकी क्षेत्रफळाच्या मानाने त्याची कड जास्त, आणि अगदी कडेला असलेली रोपं कापणाऱ्याच्या हातून आतच धरली जातात. आज पीक विम्याची भरपाई ठरवताना महसूल मंडळातल्या पीक कापणी प्रयोगांचे आकडे धरले जातात. आकडा फुगला तर नुकसान कमी दिसतं आणि शेतकऱ्याच्या हातचे पैसे जातात. म्हणून मला हा विषय परीक्षेपुरता वाटतच नाही.

मार्गदर्शकाबद्दल माझं मत ठाम आहे. जे पहिल्याच भेटीत "कुठली टेस्ट लावलीस?" विचारतात, त्यांच्याकडून सूत्रं शिका, पण आकडे "कुठून आणले?" विचारणारं माणूस शोधा. माझ्या गाइडनी अहवालातली सगळी समीकरणं तपासली होती आणि हा प्रश्न एकदाही विचारला नव्हता. तीन आठवड्यांत डेटा सायन्स शिकवणाऱ्या कोर्सवर पैसे घालू नका. तिथे फाइल आयती मिळते, आणि फाइल आयती मिळाली की ती कशी जमली हा प्रश्नच पडत नाही.

गणित कच्चं आहे म्हणून घाबरणारे बरेच जण मला लिहितात. वरचं सगळं बेरीज आणि भागाकारात झालंय, पाहा. तेवढं तुम्हाला येतं. हे मला दोन वर्षांच्या अभ्यासानंतर कळलं, तुम्हाला आज कळलं तर तुम्ही पुढेच आहात.

सुरुवात बसथांब्यापासून करा. आठवडाभर वहीत दोन रकाने ठेवा: एका सुट्टीच्या दिवशी तासभर बसून लागोपाठच्या बसमधलं अंतर, आणि बाकीच्या दिवशी स्वतः किती थांबलात ते. शनिवारी दोन्ही सरासऱ्या शेजारी शेजारी लिहा आणि तुमचं थांबणं अंतराच्या निम्म्याहून जास्त येतं का ते पाहा.