शंका घ्यायची कशी? दूध पिणाऱ्या गणपतीवर सराव

"आपण बाबा कशावरच विश्वास ठेवत नाही" असं अभिमानाने सांगणारे खूप असतात, पण त्यात कष्ट कसले, सगळ्याला हो म्हणायला आणि सगळ्याला नाही म्हणायला डोकं सारखंच लागतं, म्हणजे लागतच नाही. न्यायदर्शनात, म्हणजे तर्काच्या आपल्या जुन्या शास्त्रात, गौतम ऋषींनी १६ पदार्थ सांगितलेत (खायचे नव्हेत, विचाराचे विषय), त्यात संशय तिसरा येतो आणि निर्णय नववा. म्हणजे संशय घेऊन तिथेच बसायचं नाहीये, पुढे जायचंय. आणि स्वतःचं काहीच न मांडता नुसतं समोरच्याचं खोडत बसणं, त्याला वितंडा म्हणून वेगळं काढलंय. आजकाल कॉमेंटमधे बहुतेक तेच असतं!

सरावाला केस घेऊ २१ सप्टेंबर १९९५ ची. त्या दिवशी गणपती दूध पितोय अशी बातमी दिल्लीकडून सुटली आणि दिवसभरात देशभर, अगदी लंडनच्या देवळांपर्यंत पोचली, तेव्हा ना व्हॉट्सॲप ना काही, सगळं फोनवर आणि तोंडी. ज्यांनी स्वतः चमचा धरला त्यातले बहुतेक लोक खोटं बोलत नव्हते, ही गोष्ट आधी मान्य करा नाहीतर पुढे काहीच कळणार नाही.

आता पहिलं काम, दिसलं काय आणि आपण मानलं काय हे वेगळं करा. दिसलं एवढंच की सोंडेला टेकवलेल्या चमच्यातलं दूध कमी झालं. "मूर्ती प्यायली" हे कोणालाच दिसलं नाही, ते डोक्याने जोडलं. माझ्या मते अर्धं काम इथेच होतं. कुठलाही फॉरवर्ड घ्या, "अमुक खाल्लं आणि शुगर उतरली" यात सुद्धा दोन गोष्टी दिसल्यात आणि मधला "त्यामुळे" आपण घातलाय.

मग विचारायचं की दूध चमच्यातून अजून कशाने जाईल? काठोकाठ भरलेला चमचा दगडाला टेकला की पृष्ठताणामुळे (द्रवाचा पृष्ठभाग ताणलेल्या पडद्यासारखा वागतो तो गुण) दूध दगडाकडे ओढलं जातं आणि बारीक ओघळ होऊन मूर्तीवरून खाली उतरतं, पांढऱ्या किंवा आधीच ओल्या मूर्तीवर तो ओघळ दिसतच नाही.

आता दोन उत्तरं झाली. दोन्हींत फरक पडेल अशी टेस्ट शोधा, हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण अजून दहा चमचे पाजून काहीच ठरत नाही, दोन्ही उत्तरांप्रमाणे ते दहाही रिकामे होणार. सरकारी वैज्ञानिकांनी दिल्लीच्या एका देवळात दुधात रंग घातला आणि रंगीत दूध मूर्तीवरून उतरताना दिसलं. प्यायली असती तर बाहेर रंग कशाला आला असता?

पण थांबायचं कुठे? पुराव्याला पुरावा मागत गेलात तर, ग्रीक संशयवादी अग्रिप्पाच्या नावावर असलेल्या युक्तिवादाप्रमाणे, तीनच गोष्टी होतात: प्रश्न संपतच नाहीत, किंवा गोल फिरून पहिल्याच मुद्द्यावर येता, किंवा कुठेतरी "हे धरून चालू" म्हणता. चार्वाकांनी (जे दिसतं तेवढंच पक्कं मानणारे आपले जुने विचारवंत) तर धूर दिसला म्हणून आग आहेच याच्यावरही शंका घेतली, सगळीकडचे धूर कोणी बघितलेत? उत्तर सोपं नाहीये ते. मी तिसरा पर्याय घेतो, पण काय धरून चाललोय ते आधी बोलून दाखवतो. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तने १६४१ च्या पुस्तकात डोळे, जागेपण, गणित सगळ्यावर शंका घेतली, पण त्याने पण ते आयुष्यात एकदा करायचं काम म्हणून सांगितलंय, रोज सकाळी नाही! रोजच्यासाठी न्यायवाल्यांचं बरं, संध्याकाळी लांबून खांब आहे की माणूस कळेना, तर शंकेला कारण आहे, जवळ जाऊन बघा. भर दुपारी समोर उभ्या खांबावर शंका कशाला?

हीच पद्धत आपल्या आवडीच्या उत्तरालाही लावा बरं का. "पृष्ठताण" वाचलं आणि मान हलवली तर तुम्ही पण विश्वासच ठेवलात, शब्द फक्त सायन्सचा. घरात पितळेची मूर्ती नाहीतर नुसता दगडी खलबत्ता असेल, चमचा भरून टेकवा, खाली कोरडा कागद ठेवा आणि थोडा तिरका करून बघा.

आणि जिथे टेस्ट करताच येत नाही तिथे मत राखून ठेवायचं, ग्रीक संशयवादी पिरोच्या परंपरेतले लोक हेच करायचे. कोणी फारच मागे लागलं तर "अजून ठरलं नाही" म्हणा आणि काय मिळालं तर ठरेल तेही सांगा, हे दुसरं सांगता येत नसेल तर शंका अजून नीट घेतलेली नाहीये.