पाऊस लागायच्या आत तळ्याच्या तळाच्या पाण्याचा खारेपणा मोजायला शिका

पुण्यात राहून कोकणात खाडीकाठी कोळंबीचं, चिंबोरीचं तळं चालवणारे आपल्यासारखे बरेच जण आहेत, शनिवारी पहाटे ताम्हिणी उतरायचा, रविवारी रात्री परत, मधले पाच दिवस सगळा कारभार व्हॉट्सअॅपवर. त्यांच्यासाठी हे लिहितोय. मे संपत आलाय, जूनच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत पाऊस लागेल आणि मग तळाला काय चाललंय ते फोटोत दिसत नाही.

गेल्या जुलैत तीन दिवस झोडपून पाऊस झाला. राखणीच्या दादांनी रिफ्रॅक्टोमीटरचा (खारेपणा मोजायच्या यंत्राचा) फोटो पाठवला, ९ पीपीटी, म्हणजे हजार भागांत नऊ भाग मीठ. म्हटलं कमी झालंय पण कोळंबी वनामी जातीची आहे, सोसेल, कारण ती अगदी १-२ पीपीटीलाही जगते. चौथ्या दिवशी पहाटे सगळी कोळंबी काठाला. मी पोचेपर्यंत काकांनी बांबू गाळात खुपसून वर काढला होता, टोक काळंकुट्ट आणि वास कुजक्या अंड्याचा. तळाचं पाणी काढून मोजलं तर २३. दादांची चूक नव्हती, मीच त्यांना काठावरचं पाणी मोजायला शिकवलेलं.

होतं असं की पावसाचं गोडं पाणी हलकं, ते वर सायीसारखं पसरतं. खारं जड, ते खाली बसतं आणि वरची हवा खाली जाणं बंद होतं. उरलेलं खाद्य, विष्ठा तळाशीच कुजते, ऑक्सिजन संपतो, मग तो कुजक्या अंड्याच्या वासाचा विषारी वायू तयार होतो. कोळंबी निदान वर तरी येते, चिंबोरी बांधावर चढून पळते (जाळी लावली नसेल तर गेलीच समजा), पण तिसऱ्या (शिंपले), कालवं आणि गाळातले किडे कुठं जाणार? तिसरी शिंपला मिटून बसते, त्यावर काही दिवस निघतात, पण मिटलेल्या शिंपल्यात खाणंही नाही. आणि पाणी खरंच तळापर्यंत गोडं झालं तरी त्रास आहेच, अंगातलं मीठ सांभाळण्यात सगळी ताकद जाते, वाढ थांबते, कात टाकलेली कोळंबी मऊच राहते. रेमाने नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १९३४ मध्येच बाल्टिक समुद्राच्या पाण्यावरून दाखवलं की ५ ते ८ पीपीटीच्या आसपास तळाच्या प्राण्यांच्या जाती सगळ्यात कमी, गोड्यातल्यांना ते खारं आणि समुद्रातल्यांना अळणी. म्हणजे त्या पट्ट्यात अडकलं तर गाळातलं फुकटचं खाद्यही घटू शकतं.

आता काय करायचं. बाटलीला दगड बांधा, बुचाला वेगळी दोरी, उघाडीजवळ (पाणी आत-बाहेर सोडायच्या फळ्यांच्या दाराजवळ) सगळ्यात खोल जागी सोडा, तळाला टेकली की बुचाची दोरी ओढा, बुडबुडे थांबले की वर घ्या. हे दादांना या शनिवारीच समोर उभं राहून करून दाखवा, फोनवर सांगून जमत नाही, अनुभव आहे. आधी डिस्टिल्ड वॉटरवर रिफ्रॅक्टोमीटर शून्याला आणा. मग रोज वरचा आणि खालचा असे दोन आकडे मागवा. दोन्हीत फरक पडायला लागला की पाऊस चालू असतानाच एअरेटर (पाणी घुसळून हवा मिसळणारं यंत्र) लावा, डिझेल वाचवायची ही वेळ नाही. उघाडीच्या फक्त वरच्या फळ्या काढा, म्हणजे गोडं पाणी वरच्या वर निघून जाईल. खाद्य निम्म्यावर आणा. पाणी भरायचंच असेल तर उधाणाच्या भरतीला, भरती पूर्ण झाल्यावर, एरवी जुलैत वरच्या अंगाला खाडी जवळपास गोडीच असते. दिवसात ५ पीपीटीपेक्षा जास्त फरक पडू देऊ नका, चढताना पण आणि उतरताना पण.

विकण्याजोगा माल झाला असेल तर पावसाआधी काढून मोकळे व्हा, भाव चार पैसे कमी मिळाला तरी. तिसऱ्यांचं बी मात्र आत्ता टाकू नका, आमच्या खाडीत दिवाळीपर्यंत पाणी पुरेसं खारं होत नाही. काका अजून बोट बुडवून जिभेला लावून आकडा सांगतात, फारसा चुकत नाही, पण तेही चाखतात ते वरचंच पाणी, म्हणून यंदा बाटली त्यांच्याच हातात देणार आहे.