सोलापूरच्या उन्हाळ्यात लिंबाचे हलके मूस

मराठीत मूस म्हटले की सोनाराची मूस आठवते. फ्रेंच भाषेत मात्र या शब्दाचा अर्थ फेस असा आहे आणि या पदार्थाचे सारे मर्म त्या अर्थातच आहे. पदार्थात हवा कोंडायची आणि थंड होईपर्यंत ती निसटू द्यायची नाही, एवढेच काम असते. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा हेच काम अवघड होते. म्हणून पुढील कृतीत अंडे नाही, जिलेटिनही नाही. चक्का, क्रीम आणि चायना ग्रास (समुद्रशेवाळापासून मिळणारे अगर-अगर) एवढ्यांवर सारे उभे आहे. जिलेटिन प्राणिजन्य असते, हे तर झालेच. शिवाय ते साधारण ३० ते ३५ अंशांना विरघळू लागते, म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात वाटी टेबलावर येताच पाझरू लागणार. चायना ग्रास एकदा गोठले की सुमारे ८५ अंशांपर्यंत वितळत नाही.

सहा वाट्यांसाठी २५० ग्रॅम चक्का, २०० मिली व्हिपिंग क्रीम, ९० ग्रॅम पिठीसाखर, ६० मिली लिंबाचा रस, २ ग्रॅम चायना ग्रासची पूड आणि १०० मिली पाणी लागते. पूड सपाट छोटा चमचाभर होते. चमचा शीग लावून भरला तर मूसऐवजी वडी तयार होईल. क्रीम घेताना डब्यावरील स्निग्धांशाचा आकडा वाचावा. भाजीत घालण्याचे क्रीम साधारण २५ टक्क्यांचे असते आणि ते कितीही घुसळले तरी उभे राहत नाही. किमान ३५ टक्क्यांचे हवे. वनस्पती तेलाचे क्रीम फुगते छान, परंतु ते बहुधा आधीच गोड असते. ते वापरल्यास साखर निम्मी करावी. चव मात्र दुधाच्या क्रीमचीच चांगली, असे माझे मत आहे.

चक्का घरीच बांधावा. पाऊण किलो ताजे, गोड दही पातळ सुती पंचात बांधून चाळणीत ठेवावे, चाळणीखाली पातेले ठेवावे आणि हे सगळे रात्रभर फ्रिजमध्येच ठेवावे. श्रीखंडासाठी पुरचुंडी खुंटीला टांगण्याची सवय असली तरी उन्हाळ्यात तसे केल्यास दोन-तीन तासांतच दही आंबते, आणि मग दह्याचा आंबटपणा व लिंबाचा आंबटपणा एकमेकांवर कुरघोडी करू लागतात. या पदार्थात आंबट चव केवळ लिंबाची हवी. खाली साचलेल्या पाण्यात कणीक मळावी.

लिंबे मंडईत निवडताना पातळ, गुळगुळीत सालीची आणि आकाराच्या मानाने जड अशी घ्यावीत. चार-पाच कागदी लिंबांत पुरेसा रस निघतो. साल कोमट पाण्यात चोळून धुवावी आणि चिरण्यापूर्वीच बारीक किसणीवर केवळ वरचा रंगीत थर हलक्या हाताने किसून घ्यावा. कागदी लिंबाची साल इतकी पातळ असते की किसणी दोनदा एकाच जागी फिरली तरी खालचा पांढरा भाग येतो आणि तो कडू लागतो. दोन लिंबांचा कीस पिठीसाखरेत घालून बोटांच्या चिमटीत चोळावा. मिनिटभरात साखर किंचित ओलसर होते आणि सालीतील तेलाचा वास स्वयंपाकघरभर पसरतो. लिंबाचा खरा सुगंध या तेलात असतो, रसात नसतो, म्हणून ही पायरी टाळू नये. रस काढल्यावर गाळून बिया काढाव्यात. पितळी किंवा ॲल्युमिनियमचे भांडे वापरू नये.

आता दोन गोष्टी एकमेकींच्या उलट सांभाळायच्या आहेत. क्रीम अगदी गार हवे, तर चक्का फ्रिजबाहेर काढून खोलीच्या तपमानाला आलेला हवा. गार चक्क्यात चायना ग्रास पडले की जागच्या जागी गोठून त्याचे दाणे होतात. स्टीलचे पातेले आणि बीटरची पाती वीस मिनिटे फ्रीजरमध्ये ठेवून सकाळी लवकर, शेगडी पेटवण्यापूर्वी, क्रीम फेटावे आणि बीटर उचलल्यावर क्रीमची मऊ, टोक वाकणारी शिखरे उभी राहताच थांबावे. एका मे महिन्यात मी भर दुपारी, शेजारी कुकर चालू असताना हा उद्योग केला आणि पाहता पाहता पातेल्यात लोणी जमले. ते शेंगाचटणी आणि भाकरीबरोबर उत्तम लागले, पण पाहुण्यांसाठी केलेला बेत तेवढा हुकला. फेटलेले क्रीम लगेच फ्रिजमध्ये ठेवावे.

चक्का गाळणीतून घासून त्यात सुगंधी साखर आणि रस मिसळावा. चायना ग्रासची पूड थंड पाण्यात पाच मिनिटे भिजवून मंद आचेवर दोन-तीन मिनिटे ढवळत खळखळून उकळावी. या पाण्यात लिंबाचा रस घालू नये, कारण आंबट द्रवात उकळल्यास तिची गोठण्याची शक्ती कमी होते. फ्रीजरमध्ये गार केलेल्या ताटलीवर एक थेंब टाकून पाहावा. मिनिटभरात तो बोटाने ढकलता आला तर ठीक, पसरला तर आणखी उकळावे. मग दोन मोठे चमचे चक्का या गरम पाण्यात कालवून ते मिश्रण उरलेल्या चक्क्यात ओतत भराभर ढवळावे.

वाट्या हाताशी मांडून ठेवलेल्या असाव्यात, कारण यापुढे फार तर दोन-तीन मिनिटे मिळतात. क्रीम तीन वेळा विभागून घालावे; पहिला भाग चक्क्याचे मिश्रण सैल करण्यासाठी मोकळेपणाने मिसळावा, उरलेले दोन मात्र चपट्या चमच्याने तळापासून वर उचलत, भांडे फिरवत, अलगद घडी घालावी तसे मिसळावेत. पांढरी रेघ दिसेनाशी झाली की थांबावे.

वाट्या झाकून चार तास फ्रिजमध्ये ठेवाव्यात. वाढताना वरून डाळिंबाचे दाणे घालावेत. ते आपल्या जिल्ह्याचेच फळ आहे आणि लिंबाच्या फिकट रंगावर शोभतेही. दाणे आधीच घातल्यास त्यांचे पाणी सुटून वरचा थर गुलाबी होतो. चायना ग्रास वितळणार नसले तरी क्रीम उन्हाळ्यात लवकर सैल पडते, तेव्हा बाहेर काढल्यापासून दहा-पंधरा मिनिटांत मूस संपवावे आणि उरलेच तर दोन दिवसांच्या आत.