शॉकअप बदलले, पण आधी गाडी काट्यावर नेली

रोज चोपडा ते जळगाव, आणि आठवड्यातून दोनदा सातपुड्यातले पाडे. दोन्हीला एकच फोर बाय फोर. पाड्याच्या खडबडीत रस्त्यावर थोड्याच वेळात गाडीची मागची बाजू नाचायला लागायची, शॉकअपला हात लावला तर चटका बसायचा. आतलं तेल फेसाळलं की धक्का जिरत नाही, आणि खानदेशातला मे महिना त्याला निवूही देत नाही.

आधी एकाच्या सांगण्यावरून जड मालाचे कडक शॉकअप टाकले. रिकाम्या गाडीत आईची कंबर धरली, याचं फार वाईट वाटलं. मग रोजच्या सामानासकट गाडी वजनकाट्यावर नेली आणि त्या वजनाला जुळणारे नायट्रोजन वायू भरलेले मोनोट्यूब, म्हणजे एकाच नळीचे शॉकअप घेतले. लांबी मूळचीच, कारण गाडी उंच केलेली नाही. यात तेल बाहेरच्या नळीलाच टेकतं, म्हणून उष्णता लवकर निघते. मात्र दगडाने नळीला पोचा पडला तर दट्ट्या अडकतो; ट्विन-ट्यूब, म्हणजे नळीत नळी असलेला शॉकअप, ते जास्त सोसतो. म्हणून खाली पत्र्याचं कवच लावून घेतलं.

शॉकअपच्या टोकांचे रबरी बुश नवे टाकले. त्यांचे नट गाडी चाकांवर उभी असतानाच आवळायचे, नाहीतर रबर पिळलेलं राहतं.

परवा आई जळगावहून चोपड्यापर्यंत झोपून आली.