बोरिवलीच्या जंगलात चितळ-सांबर मोजण्याची रीत

संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात चितळ किती आहेत, असा प्रश्न मुंबईत वरचेवर विचारला जातो. पण कान्हेरीच्या रस्त्याने सकाळी दिसलेल्या कळपांची बेरीज हे त्याचे उत्तर होऊ शकत नाही. सुमारे १०४ चौरस किलोमीटरच्या या जंगलात दिसलेल्या जनावरांइतकाच न दिसलेल्या जनावरांचा हिशोब महत्त्वाचा असतो, आणि तो हिशोब मांडता येईल अशा रीतीने नोंद करणे हेच मोजणीचे खरे काम आहे.

आरंभ परवानगीपासून करावा. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार अभ्यासासाठी वन विभागाची लेखी अनुमती लागते. शिवाय हे बिबट्यांचे जंगल असल्यामुळे वनरक्षकाला किंवा वाटांच्या माहितगाराला सोबत घेतल्याशिवाय आत जाऊ नये.

त्यानंतर नकाशावर सरळ रेषा आखाव्यात. त्या रस्त्यांना किंवा रुळलेल्या पायवाटांना धरून नसाव्यात, कारण रस्त्याकडेचे गवत आणि माणसाला सरावलेले कळप यांमुळे आकडा फुगतो, तर बुजरे भेकर त्याच रस्त्यापासून दूर राहिल्यामुळे त्याचा आकडा घटतो. तुळशी आणि विहार तलावांचा परिसर, येऊरचे उतार, घोडबंदर रस्त्यापलीकडचा नागला भाग अशा वेगवेगळ्या पट्ट्यांत रेषा विखुरलेल्या असाव्यात. काम फेब्रुवारी ते एप्रिल या काळात करणे उत्तम. तोवर सागाची पाने गळून जंगल मोकळे झालेले असते. पावसाळ्यानंतर मात्र कारवी इतकी दाट माजते की चार पावलांपलीकडे उभे असलेले सांबरही नजरेला पडत नाही.

सूर्योदयानंतर लगेच निघून रेषेवरून सावकाश चालावे. कळप दिसला की तिथेच थांबून त्यातील जनावरांची संख्या, रेंजफाइंडरने मोजलेले अंतर आणि होकायंत्राने घेतलेला कोन या तीन गोष्टी टिपाव्यात. कळप रेषेपासून किती दूर होता, ते लंब अंतर यांवरून निघते: ५० मीटरवरचा कळप रेषेशी ३० अंशांचा कोन करीत असेल, तर लंब अंतर २५ मीटर भरते. मोजायची ती कळपाची पहिली जागा. तुमची चाहूल लागून तो पळाला आणि मग तुम्ही अंतर घेतले, तर सगळी गणना बिघडते. अंदाजाने ‘साधारण ३०’, ‘साधारण ५०’ असे लिहिण्याची सवय तर कटाक्षाने टाळावी.

रेषेपासून जितके दूर जावे तितकी जनावरे नजरेतून अधिक निसटतात, आणि ही घट किती वेगाने होते ते लंब अंतरांच्या आलेखावरून कळते. समजा, सर्व फेऱ्या मिळून १०० किलोमीटर चालणे झाले, ६४ कळप दिसले आणि नजरेची प्रभावी रुंदी, म्हणजे निसटलेल्या जनावरांचा हिशोब धरून जेवढा पट्टा पुरता तपासला गेला असे मानता येते ती, रेषेच्या प्रत्येक बाजूला ४० मीटर निघाली. म्हणजे प्रत्यक्षात ८ चौरस किलोमीटर क्षेत्र तपासले गेले, दर चौरस किलोमीटरला ८ कळप मिळाले आणि कळपात सरासरी ४ जनावरे असतील तर घनता दर चौरस किलोमीटरला ३२ जनावरे आली. आलेख भरवशाचा व्हायला प्रत्येक प्रजातीच्या किमान ६० ते ८० नोंदी हव्यात. सांबर आणि भेकरांच्या तेवढ्या नोंदी एका हंगामात मिळणे कठीण असते. अशा वेळी घनतेचा आकडा जाहीर करण्याचा मोह आवरावा, असे माझे स्पष्ट मत आहे. एकाच रेषेवर पाच वेळा चालल्याने पाच स्वतंत्र नमुने होत नाहीत, हेही ध्यानात ठेवावे.

बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावरून होणारी पाणवठ्यांवरील प्रगणना लोकांना जंगलाशी जोडते, म्हणून तिचे मोल आहेच. पण एकच सांबर दोन पाणवठ्यांवर मोजले जाऊ शकते आणि एखादे त्या रात्री कुठेच फिरकत नाही. कॅमेरा ट्रॅपचेही, म्हणजे जनावर समोरून गेले की आपोआप छायाचित्र टिपणाऱ्या कॅमेऱ्याचेही, तसेच आहे. अंगावरच्या ठिपक्यांवरून बिबटे वेगवेगळे ओळखता येतात. सांबराच्या अंगावर अशी खूण नसते, त्यामुळे दहा छायाचित्रे म्हणजे दहा सांबरे असे म्हणता येत नाही.

जनावरे जंगलाचा कोणता भाग वापरतात, हे शोधायला लेंड्या अधिक उपयोगी पडतात. ठरावीक मापाचे चौकोन आखून ते आधी झाडून साफ करावेत आणि ठरलेल्या दिवसांनी पुन्हा तपासावेत. ताजी लेंडी ओलसर, काळपट आणि चकचकीत असते. जुनी फिकट पडते, तिला भेगा जातात आणि शेणकिडे तिचा भुगा करतात. सांबराची लेंडी चितळाच्या लेंडीहून ठळकपणे मोठी असते, पण पाड्यांजवळ शेळ्यांच्या आणि चितळाच्या लेंड्यांची गल्लत होते. तिथे खुरांचे ठसेही पाहावेत आणि खात्री नसल्यास ‘अनिश्चित’ असेच लिहावे. पावसाळ्यात हे काम करू नये, कारण लेंड्या पाहता पाहता वाहून जातात.

मग वापराची तुलना उपलब्धतेशी करावी. एकूण क्षेत्रात गवताळ भाग १० टक्के असेल आणि चितळाच्या ३० टक्के लेंड्या तिथे मिळाल्या, तर गुणोत्तर ३ येते, म्हणजे चितळाने तो भाग निवडला आहे. नुसते ‘३० टक्के’ वाचणाऱ्याला चितळ बहुतांशी झाडीत राहतो असे वाटेल, आणि ते अपुरे ठरेल.

जंगलाच्या कडांना गुरे शिरतात तिथे त्याच चौकोनांत शेणाचीही नोंद घ्यावी. राष्ट्रीय उद्यानात गुरे चारायला कायद्याने मनाई असल्यामुळे गुराखी मोकळेपणाने बोलायला कचरतो. त्याचे नाव वहीत लिहू नये आणि तसे त्याला आधीच सांगावे. गुरे चरतात तिथे चितळ कमी दिसले, तरी चितळ गुरांना टाळतो असे लगेच ठरवू नये. गवत संपल्यामुळे, कुत्र्यांमुळे किंवा वस्तीच्या जवळिकीमुळेही तसे घडू शकते. म्हणून पाण्यापासून आणि पाड्यापासून सारख्याच अंतरावरचे, सारख्याच झाडीचे, गुरे येणारे आणि न येणारे चौकोन जोडीने निवडावेत. कॅमेऱ्यावरील वेळाही पाहाव्यात, कारण गुरे दिवसा आणि चितळ सांजेला त्याच जागी चरत असतील, तर लेंड्यांवरून हा फरक दिसणार नाही.

अहवालात घनतेसोबत तिची खालची आणि वरची मर्यादा, रेषांची संख्या, चाललेले अंतर आणि हंगाम न चुकता द्यावा, म्हणजे पुढल्या वर्षी दुसऱ्या कुणाला त्याच रेषांवर, त्याच महिन्यांत मोजणी करून तुलना करता येईल.