‘चलान आलं तर पैसे परत’: ही हमी तपासायची कशी

आरशामागे चिकटवायची डबी, नंबरप्लेटवर मारायचा स्प्रे, प्लेटवर बसवायचं चकचकीत कव्हर. वेगाचा कॅमेरा आणि रडार गन ‘निकामी’ करणाऱ्या या वस्तूंच्या जाहिरातीत ‘पैसे परत, शंभर टक्के हमी’ ही ओळ असतेच. मग ओळखीचं कुणीतरी विचारतं, “पैसे परत देतायत ना, मग घेऊन बघायला काय हरकत आहे?” अशा लोकांसाठी बरीच हमीपत्रं वाचून झाली आहेत. हरकत कुठे असते ते सांगतो. आणि ‘आधी रिव्ह्यू बघा’ हा सल्ला कृपा करून विसरा. त्याचं कारण पुढे येईल.

१. वस्तू कुठल्या जातीची आहे ते ठरवा. डिटेक्टर रडारची चाहूल देतो, मोजणीला हात लावत नाही. जॅमर मोजणी बिघडवण्याचा दावा करतो, तर स्प्रे आणि कव्हर फोटो बिघडवण्याचा. इथे विषय जॅमरचा आणि स्प्रे-कव्हरचा, डिटेक्टरचा नाही.

२. वेग मोजतात कसा, ते थोडक्यात समजून घ्या. रडार गन लहरी सोडते आणि गाडीवर आपटून परत येताना त्यांची वारंवारता बदलते. २४.१५ गिगाहर्ट्झच्या गनला ताशी १०० किलोमीटरने येणाऱ्या गाडीसाठी हा फरक साधारण साडेचार किलोहर्ट्झ मिळतो. ही परतीची लहर येते गाडीच्या अख्ख्या पत्र्यावरून. स्वतः काहीच प्रक्षेपित न करणारी मुठीएवढी डबी ती झाकणार म्हणजे नगारखान्यात टिमकी. लेझर गन तर अवरक्त प्रकाशाचे झटके वापरते, रडारच्या डबीचा तिच्याशी संबंधच येत नाही. आणि सरासरी वेग मोजणारे कॅमेरे दोन ठिकाणी नंबर वाचून अंतराला वेळेने भागतात. त्यात जॅम करणार काय?

स्वतः लहरी सोडणारा जॅमर काही करू शकेलही, पण तो बहुतेक देशांत बेकायदा आहे. आमचं यंत्र निष्क्रिय आहे, ते फक्त परावर्तन करतं, ही पळवाट अमेरिकेत एका कंपनीने वापरून पाहिली. तिथल्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने ते यंत्र बेकायदा ठरवलं आणि १९९८ मध्ये अपील न्यायालयाने कमिशनचाच निर्णय कायम ठेवला. थोडक्यात, चालत असेल तर बेकायदा, आणि खरोखर निष्क्रिय असेल तर चालणार नाही.

३. हमीपत्र वाचा. खरी मेख इथे आहे. मलाही सुरुवातीला हे कोडं पडायचं: वस्तू कुचकामी असेल तर विकणारा हमी देतो कशाच्या जोरावर? बुडत कसा नाही?

आधी दोन हम्या वेगळ्या करा. एक असते ‘तीस दिवसांत आवडलं नाही तर परत’ आणि दुसरी ‘चलान आलं तर दंड आम्ही भरू’. जाहिरातीत दोन्ही एका वाक्यात कोंबलेल्या असतात.

पहिलीतली गोम मुदतीत आहे. यंत्र चालतं की नाही हे तीस दिवसांत कळणार कसं? चलान आलं नाही यावरून काहीच सिद्ध होत नाही, कारण यंत्र नसतानाही बहुतेक महिन्यांत चलान येत नाही. शिवाय कॅमेऱ्याची नोटीस घरी पोचायला कित्येकदा आठवडे लागतात, तोवर मुदत टळलेली असते. मधल्या काळात खूश झालेला गिऱ्हाईक पाच तारे देऊन मोकळा होतो. रिव्ह्यू विसरा म्हणालो ते यासाठी.

आता बारीक टायपातलं एक कलम बघा: ‘वस्तू मूळ वेष्टनात व न वापरलेल्या स्थितीत परत यावी.’ स्प्रे मारला की डबा उघडला. डबी काचेला चिकटवली की मागची टेप गेली. वापरून बघण्याची हमी आणि अट न वापरण्याची! हे कलम दिसलं की मी पुढचं वाचतच नाही, तुम्हीही वाचू नका.

दुसरी हमी भारदस्त वाटते, पण तिच्या अटी एकेक करून तपासा. मर्यादेपेक्षा वेग अमुक इतकाच जास्त असला पाहिजे. शाळेचा परिसर आणि रस्त्याचं काम चालू असलेली जागा वगळलेली. फक्त रडार, लेझर नाही. मूळ चलान, दंड भरल्याची पावती आणि खरेदीचं बिल ठरावीक दिवसांत पोचलं पाहिजे. आणि त्या वेळी यंत्र चालू होतं हे सिद्ध तुम्ही करायचं.

आकडे मनचेच घेऊ. शंभर जणांनी यंत्र घेतलं, वर्षात दहा जणांना चलान आलं. सहा जण अटींत अडकले, दोघांनी कटकट नको म्हणून नाद सोडला. उरलेल्या दोघांचा दंड भरायला बाकी अठ्ठ्याण्णव जणांचे पैसे आहेतच. यंत्राच्या जागी रिकामी डबी असती तरी हिशेब हाच राहिला असता. म्हणून हमी हा यंत्र चालण्याचा पुरावा मानू नका, तो विक्रीचा खर्च आहे आणि किमतीत आधीच धरलेला असतो.

एक गोष्ट तर कुणी लक्षातच घेत नाही. हमी अतिवेगाच्या चलानाची असते. नंबरप्लेट झाकली म्हणून दंड झाला तर तो सर्वस्वी तुमचा. आणि कव्हर पकडायला कॅमेरा लागत नाही, समोर उभ्या हवालदाराला ते नुसत्या डोळ्यांनी दिसतं.

४. विक्रेत्याला लेखी विचारा. चाचणी कुणी घेतली, कुठल्या गनवर, किती अंतरावरून, आणि परत पाठवण्याचा खर्च कुणाचा? उत्तरात पुन्हा हमीच पुढे केली तर विषय तिथेच संपवा. उत्पादक, दुकान आणि विक्रीचं संकेतस्थळ यांपैकी पैसे परत देणार कोण, हेही नाव घालून मागा.

५. आधीच घेतलं असेल तर खोका उघडू नका, मुदतीत परत पाठवा. पोचपावती मिळेल अशाच पद्धतीने पाठवा आणि पैसे खात्यात जमा होईपर्यंत ती पावती जपा. टाळाटाळ झाली आणि पैसे कार्डाने दिले असतील, तर विक्रेत्याशी वाद घालण्यात आठवडे घालवू नका. थेट बँकेकडे तक्रार करा, कारण तिथेही मुदत असते.